तौनोच्या तळघरातली भोकं

पाय

हिल्काने मोजे काढले आणि दोन्ही पाय जेवणाच्या टेबलावर ठेवले, लोण्याच्या बशीशेजारी.

"हात लाव," ती म्हणाली.

तौनोच्या काट्याला बटाटा टोचलेला होता. त्याने बटाट्याकडे पाहिलं, मग पायांकडे.

"लाव म्हणते ना. बर्फाखालून काढलेला मासा यापेक्षा ऊबदार असतो."

तौनोने एक बोट लावलं. खरंच होतं.

"हं," तो म्हणाला.

इथे सांगायला हवं की तौनो कोस्केला हा मनुष्य घरात 'हं'वरच जगत होता. कागदाच्या गिरणीत जन्म गेला, तिथे यंत्रांच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. निवृत्त झाल्यावर यंत्रं गेली, सवय राहिली. 'हं' म्हणजे हो, 'हं' म्हणजे नाही, 'हं' म्हणजे वाढ आणखी थोडं. एवढ्या भांडवलावर त्याने संसार केला, मुलगी वाढवली, तिचं लग्नही लावून दिलं.

"ऐक," हिल्का म्हणाली. "नाताळापर्यंत मी या स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहू शकले नाही, तर जानेवारीत मी ऐलाकडे जाणार. फ्लोरिडाला. जायचं तिकीट काढीन. यायचं काढणार नाही."

ऐला म्हणजे हिल्काची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती लेक वर्थला जाऊन राहिली होती. तिथे आपल्या भाषेच्या लोकांची आख्खी वस्ती आहे. सगळे म्हातारे, सगळे तांबूस, सगळे चड्डीत.

हिल्का धमक्या द्यायची नाही. तिने गाडीखाली पाय घालून घेतला असता तर आधी ड्रायव्हरला सांगून घातला असता. ती जाईल म्हणाली म्हणजे जाईल, आणि मग हे घर, त्यात तो, आणि पलंगाची ती दुसरी बाजू.

हे सगळं त्याला म्हणायचं होतं.

"हं," तो म्हणाला, आणि बटाटा खाल्ला.

पंखा

दोन दिवसांनी घरातल्या हवेच्या गळत्या शोधून देणारी डार्लीन पेल्टिए आली. तिने पुढचं दार उघडं टाकलं, चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि कापडाच्या मध्यावर मांजर ओढून नेईल एवढा पंखा लावला. पंखा घरातली हवा बाहेर फेकू लागला, आणि घराने जिथून मिळेल तिथून बाहेरची हवा आत ओढायला सुरुवात केली.

"आता फिरा माझ्याबरोबर," ती म्हणाली. "घर कुठून शिट्टी वाजवतंय बघू."

घराची शिट्टी कसली, बँडबाजाच होता. विजेच्या बटणांच्या खाचांतून वारा. सिंकखालच्या कपाटातून वारा. आणि तळघरात तर कोळ्यांची जाळी बाहेरच्या बाजूने ढकलल्यासारखी आत फुगली होती. सिमेंटची भिंत जिथे संपते आणि तिच्यावर लाकडाचं घर बसतं, तिथे चारी बाजूंनी काचेचा गुलाबी कापूस कोंबलेला होता. डार्लीनने एक बोळा उपसला. तो बाहेरच्या बाजूने काळाकुट्ट होता.

"हा वारा अडवत नाही, मिस्टर कोस्केला. गाळतो. चाळीस वर्षं तुम्ही गाळलेला वारा घेताय. चांगल्या प्रतीचा."

"हं."

"हे सगळं काढा. फोमचे जाड तक्ते मापात कापून बसवा आणि कडा फेसाने भरा. भिंतींनाही तक्ते. भोक दिसलं की बुजवा." मग ती कोपऱ्यातल्या देवदाराच्या दाराशी थांबली. "हे काय?"

"साउना."

"लाकडाची भट्टी?"

आता हा प्रश्न साधा होता. पण मागच्याच महिन्यात, घरात लाकडाची भट्टी आहे का विचारायला विमेवाल्याचा फोन येऊन गेला होता, आणि त्याचा आवाज तौनोच्या कानात अजून होता. ही पोरगी नाकात बोलते, विमेवालाही नाकात बोलत होता. तौनोला वाटलं, हे सगळे नाकातले लोक संध्याकाळी एकत्र बसत असतील.

"इलेक्ट्रिक," तो म्हणाला.

"मग काळजी नाही," डार्लीन म्हणाली. "इलेक्ट्रिकला हवा लागत नाही. करा सगळं बंद."

दाराआड वाफेने घाम काढायची छोटी लाकडी खोली होती, आणि तिच्यात बापाने बांधलेली लोखंडी भट्टी. बर्चची लाकडं खायची, धुराड्याने ओकायची. तिच्यावरच्या दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला आमच्याकडे लोय्ल्यु म्हणतात. जुन्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ प्राण असा होता. इलेक्ट्रिक भट्टीच्या वाफेला आमच्याकडे काही म्हणत नाहीत. ज्याच्या घरी ती असते त्याच्याशी हवापाण्यावर बोलतात.

बुजवणं

तौनोने डबे आणले. डब्याचं नळकांडं फटीत घालायचं, खटका दाबायचा, की पिवळा फेस निघतो, फुगतो, आणि दगडासारखा होतो. फटीत होतो तसाच भुवईवरही होतो.

धाकटा भाऊ रेइनो तेवढ्यासाठी रोज येऊन पायरीवर बसायचा. गुलाबी मलई थापलेला पाव खायचा आणि बघायचा.

"डाव्या भुवईला राहिलंय थोडं. तिकडूनही वारा जात असेल, डोक्यात पोकळी आहे."

"तक्ता धर."

"बोललास! वहिनीला सांगू का? तक्ता धर म्हणाला. दोन शब्द."

"रेइनो, तक्ता धर नाहीतर तुझं तोंड भरतो."

"हे आणखी सात. आज पाऊस पडणार."

तळघरात तौनो असा बोलायचा. वर जिना चढला की झडप बंद. आणि शनिवारी साउनात, दोघे भाऊ घामाने निथळत बाकावर बसले की तौनो कोस्केला बोलायचा म्हणजे धरणच फुटायचं. देव, गिरणी, गुडघे, लुथरन पाद्री, बायको. रेइनो दगडांवर पाणी टाकत राहायचा आणि मध्येमध्ये "मग?" म्हणायचा.

तौनोने भिंतीच्या डोक्यावरची एकूण एक फट भरली. कपडे वाळवायच्या यंत्राची नळी जिथून बाहेर जाते तिच्याभोवती भरलं. सिंकचा पाइप जिथून तळघरात उतरतो तिथे कुणा प्लंबरने रागाच्या भरात पाडल्यासारखं मोठं भोक होतं, ते खालूनही भरलं आणि वरूनही.

(इथे आणखी एक परिच्छेद होता. त्यातून गार वारा येत होता म्हणून तौनोने तोही भरून टाकला.)

मग साउनात, भट्टीच्या मागे, भिंतीत अगदी खाली, मूठभर मापाचं एक भोक सापडलं. त्यातून सरळ अंगणातला बर्फ दिसत होता.

"हे बाबांनी ठेवलंय," रेइनो म्हणाला.

"मग?"

"काहीतरी कारण असेल."

"बाबा अंथरुणात सिगारेट ओढायचे. त्यालाही कारण होतं?"

तौनोने खटका दाबला. भोक ते भोक.

पाय, पुन्हा

डिसेंबरच्या मध्याला बाहेर पारा उणे तिसाखाली गेला. हिल्काने मोजे काढले आणि सिंकपुढे उभी राहिली. तौनो दारात उभा होता. त्याच्या भुवईत अजून पिवळा खडा होता.

हिल्का बराच वेळ उभी राहिली. अंगठे हलवले. टाच घासली.

"ऊबदार आहे," ती म्हणाली.

आणि तोंड असं केलं, जणू कुणी तिच्या घासात खडा घातला होता.

संध्याकाळी तौनोने तिला ऐलाशी फोनवर बोलताना ऐकलं. "हो, केलं सगळं त्याने. नाही, पाय मस्त आहेत. नाही गं, येणार आहेच मी. का म्हणजे? इथे आता अगदीच चिडीचूप झालंय."

तौनो जिन्यावर बसून राहिला. सांगितलं ते केलं. फरशी ऊबदार आहे. तरी जाणार. हा कुठला नियम? गिरणीत असं कुणी केलं असतं तर संप झाला असता.

शनिवार, तौनो चर्चमध्ये सांगतो तसा

साउनात थोडा धूर झाला. दोघे भाऊ शांतपणे उठले, टॉवेल गुंडाळले आणि बाहेर येऊन थांबले.

शनिवार

टॉवेल नव्हते.

भट्टी पेटवली तेव्हाच ती कुरकुरत होती. लाकूड धुमसायचं, जळायचं नाही. दगडांवर पाणी टाकलं तर ते चुरचुरलं आणि तिथेच बसलं, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.

"लोय्ल्यु नाही," रेइनो म्हणाला. "मेली."

"लाकूड ओलं असेल. तर मी काय सांगत होतो, ती गेली ना, तर…"

हे वाक्य तौनोने त्या दिवशी पुरं केलं. रेइनोने ते ऐकलं. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

कारण त्याच वेळी वर हिल्काने मासे तळायला घेतले आणि चुलीवरचा एक्झॉस्ट फॅन लावला. घर आता बरणीसारखं घट्ट होतं. फॅनने हवा बाहेर फेकायला घेतली, तिच्या जागी हवा यायला एकही फट उरली नव्हती, तेव्हा घराने आपल्याला उरलेल्या एकमेव भोकातून श्वास घेतला. ते भोक म्हणजे धुराडं. वर जाणारा धूर मागे वळला आणि भट्टीच्या दारातून भस्सकन दोघांच्या मांडीवर आला.

जिन्यावरची विषारी धुराची सूचना देणारी डबी किंचाळायला लागली.

"बाहेर!" तौनो ओरडला.

"चड्डी!"

"मर चड्डीसकट!"

बाजूचं दार उघडलं आणि कोस्केला घराण्याचे दोन ज्येष्ठ पुरुष, उकडलेल्या बीटाच्या रंगाचे, खोकत खोकत गुडघाभर बर्फात जाऊन उभे राहिले. पलीकडे शेजारचा एत्तोरे बर्फ उपसत होता. एत्तोरे इटालियन, तळघरात वाइन करतो, माणूस सभ्य.

"आज खोली मोठी घेतलीत," एत्तोरे म्हणाला.

"फावडं दे," रेइनो म्हणाला.

"काय उपसायचंय?"

"काही नाही. पुढे धरायचंय."

पुढच्या दारातून हिल्का हातात झारा घेऊन आली. तिने फॅन बंद केला होता, खिडक्या उघडल्या होत्या. तिने दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दोघं जिवंत आहात?"

"हं," तौनो म्हणाला. मग खोकला.

घोंगड्या

स्वयंपाकघरात दोघे घोंगड्या गुंडाळून बसले. खिडक्या सताड. फरशी पुन्हा गार. हिल्काने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला, आणि डार्लीनला फोन लावून मध्यभागी ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"लाकडाची भट्टी?" फोनमधून डार्लीन ओरडली. "तुमच्या मिस्टरांनी मला इलेक्ट्रिक सांगितलं!"

रेइनोच्या हातातला पाव हवेतच राहिला.

"काय सांगितलंस?"

तौनोने कपात पाहिलं.

"बाबांच्या भट्टीला तू इलेक्ट्रिक म्हणालास? तोंडाने?"

"विमा…"

"बाबांनी ते दगड तळ्याच्या काठावरून पाठीवर आणले! मी मेल्यावर त्यांना तोंड कसं दाखवू? विचारतील, तौनो काय करतो? काय सांगू?"

"मिस्टर कोस्केला," फोन म्हणाला, "त्या भट्टीच्या मागे बाहेरची हवा घ्यायला भोक होतं का?"

दोघा भावांनी एकदमच कॉफीचा घोट घेतला.

"बुजवलंत."

"हं."

"मी येईपर्यंत काडीही पेटवू नका. भट्टीला स्वतंत्र नळी बसवू, झाकणाची. बाकीचं घर घट्टच राहू दे, तेवढं चांगलं केलंत. आणि त्या धुराच्या डबीचा मुका घ्या."

फोन बंद झाला. तौनोला वाटलं, निभावलं. एक नळी, एक झाकण, झालं.

"ते एक भोक झालं," हिल्का म्हणाली. "आणि माझं?"

"तुझं कुठलं?"

"सिंकखालचं. ते बुजवायची काय गरज होती?"

"वारा यायचा."

"वाराच यायचा?"

तौनोला काही कळलं नाही. रेइनोला आधी कळलं. त्याचा बीटाच्या रंगाचा चेहरा पांढरा झाला.

"अरे देवा," तो म्हणाला. "वहिनी. तू ऐकत होतीस."

"मी बटाटे सोलत होते," हिल्का म्हणाली. "दर शनिवारी. सिंकपाशीच सोलतात बटाटे. साउनाच्या छतावरून पाइप जातो, त्यात माझा काय दोष?"

तौनोच्या डोक्यात आता शनिवारांची रांग लागली, एकेक दार उघडून आत येऊ लागले. गिरणीतून कमी करणार होते तो शनिवार. हिल्का त्या आठवड्यात कारण नसताना त्याच्या आवडीची माशांची आमटी तीनदा करत होती. मानेला गाठ आली होती तो शनिवार. गाडीचा दरवाजा त्यानेच ठोकला आणि आळ तिच्यावर आला, तो शनिवार. ऐलाला खोकला झालेलं बदक म्हणाला तो. जावयाला पाहून 'याच्यापेक्षा पोरीने बर्फाचा माणूस केला असता तर वसंतात सुटका तरी झाली असती' म्हणाला तो. आणि हिल्काच्या पोहण्याच्या कपड्यांबद्दल तो जे बोलला होता ते तर…

त्याने घोंगडी डोक्यावरून घेतली.

"वर मला 'हं' मिळतो," घोंगडीबाहेरून हिल्काचा आवाज आला. "खाली एक माणूस बोलत असतो. मी त्या माणसाशी लग्न केलंय असं समजून इतकी वर्षं काढली. तू त्याला फेस भरून मारलंस. आता मी ऐकू काय? ऊबदार फरशी? ऐला बडबडी आहे, पण ती तोंडासमोर बसून बडबडते."

चाचणी

तौनोचा विश्वास बसेना. एवढं स्पष्ट ऐकू येतं? त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन सिंकखालचा फेस पोखरला, वरून आणि मग खालून. रेइनोला गार साउनात पाठवलं, आणि स्वतः घोंगडीसकट कपाटात डोकं घालून बसला, साबणाच्या बाटल्यांमध्ये.

"एक, दोन," पाइपाजवळून रेइनो म्हणाला. इतका जवळून की तौनो दचकून सिंकला आपटला. "तौनो कोस्केला हा भट्टीला इलेक्ट्रिक म्हणणारा मनुष्य आहे. येतंय का ऐकू?"

"आज जरा खरखर आहे," हिल्का तौनोच्या मागे उभी राहून म्हणाली. "एरवी याहून छान यायचं."

"याला स्वतःच्या घरात कॉफीचा डबा सापडत नाही," रेइनो रंगात आला होता. "आणि बाहेर मोठा आव. आज काय म्हणाला माहितीये? ती गेली ना, तर…"

"गप्प बस!" तौनो भोकात ओरडला.

मग खालून, अगदी सभ्यपणे: "बरं."

"गेली तर काय?" हिल्का म्हणाली.

"काही नाही."

"रेइनो! गेली तर काय?"

"मी नाही सांगणार, वहिनी. वाक्य त्याचं आहे. मी ऐकणारा."

हिल्का खाली बसली, फरशीवर, तौनोच्या शेजारी. "आजचा शनिवार मी ऐकलेला नाही. भोक बंद होतं. बोल."

"खाली जाऊ," तौनो म्हणाला. "डार्लीनने नळी बसवली की भट्टी पेटवू. तू बाकावर बस, मी…"

"नाही. इथे."

"घाम आल्याशिवाय मला…"

"घाम आलेलाच आहे तुला. इथे, स्वयंपाकघरात. आणि कपडे घालून ये. घोंगडीतल्या माणसाचं बोलणं मी धरत नाही."

तौनो उठला. शर्ट घातला. पँट घातली. पट्टासुद्धा लावला, रविवारचा. परत येऊन तिच्यासमोर फरशीवर बसला. तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. तोवर चुलीवरचे मासे गार झाले.

"तू गेलीस," तो म्हणाला, "तर…"

"हां."

"तर मी तुझ्यामागे येईन."

हिल्काने गार पडलेले पाय पोटाशी घेतले.

"मला तिथलं काही नको. तो उकाडा नको. ते चड्डीतले म्हातारे नकोत. मी येईन आणि उकडून मरेन, आणि ऐला माझ्या दफनाला फ्लेमिंगोचा शर्ट घालून येईल, आणि तिथल्या वाळूत मला पुरतील, सुपीरियर तळ्यापासून इतक्या लांब. तरी येईन. या वरच्या घरात मी एकटा नाही राहू शकत. खाली एक वेळ राहीन. वर मला भीती वाटते."

एवढी वाक्यं या घराच्या या मजल्यावर एका दमात कधी बोलली गेली नव्हती. कपाटातून रेइनोचा आवाज आला, "काय म्हणाला? जोरात बोला रे, इथे मी गोठतोय!"

"शर्ट नाही," हिल्का म्हणाली. "झगा आहे तिच्याकडे. पायापर्यंत. फ्लेमिंगोचाच."

"बघ," तौनो म्हणाला. "त्याहून वाईट."

मग त्याला काय झालं कुणास ठाऊक. तो थांबला नाही. म्हणाला, गाडीचा दरवाजा मीच ठोकला होता. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणाला, मानेची गाठ साधी निघाली त्या दिवशी मी गाडी थांबवून रडलो, हे मी रेइनोलाही सांगितलं नाही. ती म्हणाली, हे माहीत नव्हतं. मग तो जावयावर घसरला, मग पाद्र्यावर, मग फेसाच्या डब्यांवरच्या सूचना कुठल्या गाढवाने लिहिल्या त्यावर.

फोन वाजला. हिल्काने बसल्याबसल्या हात लांबवून घेतला.

"ऐला, मी नंतर करते. नाही, तिकीट नाही काढलं. नाही काढणार. पायांचं काय आता? अगं गप्प बस ना जरा, तो बोलतोय."